पाळ बांधणारे आणि प्लॉट पाडणारे

भंडारा जिल्ह्यात सध्या बांधकामाचा हंगाम आहे. शहराला वळसा घालणारा नवा महामार्ग झाला. समृद्धी महामार्ग नागपूरच्या पुढे गोंदियापर्यंत न्यायचे ठरले आहे, भंडारा ते गडचिरोली द्रुतगती मार्गाचीही आखणी झाली आहे. भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी, कुठल्याही गावाच्या वेशीबाहेर पडा. कालपरवापर्यंत धान उभे असलेल्या बांध्यांत आता चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खुंट दिसतात. या वाढीला नाक मुरडण्याचे कारण नाही. कुडाच्या भिंतीआड आयुष्य काढलेल्या माणसाला स्लॅबचे घर हवे असते आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. जो खोदतो, भरतो, बांधतो आणि विकतो, त्याची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते? नफा झाल्यावर एखाद्या शाळेला पंखे दिले की ती फिटते, की बांधकामाच्या खर्चातच ती धरायची असते? या जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आहे आणि आजच्या घाईत ते नीट ऐकायला हवे.

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे विदर्भातल्या सर्वांत जुन्या नगरांपैकी एक. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना भव्य स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली सापडली. सार्वजनिक बांधकामाला पैसा द्यावा आणि त्यावर आपले नाव राहावे, ही इच्छा इथे इतकी जुनी आहे. आज शाळांच्या आणि पाणपोयांच्या भिंतींवर कंपन्यांच्या ज्या पाट्या दिसतात, त्यांचे मूळ तिथे शोधता येईल. दान मोठेच असते. पण या जिल्ह्याला पिढ्यानपिढ्या अन्न दिले ते दानाने बांधलेल्या वास्तूंनी नव्हे. ते दिले मातीच्या पाळींनी, आणि त्या पाळींवर कुणाचेही नाव कोरलेले नाही.

गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या पाटलांनी या मुलखात तलाव बांधायला सुरुवात केली. चांद्याच्या गोंड राजांचे धोरण साधे आणि शहाणपणाचे होते. तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाच्या पाण्याने जितकी जमीन भिजेल तितकी बहाल करायची. या एका अटीत बांधकामाचा सगळा प्रामाणिकपणा बांधून घातलेला होता. पाळ कच्ची राहिली, पाणी झिरपून गेले, तर पहिला तोटा बांधणाऱ्याचा. तलाव फुटला तर पहिले पीक बुडणार तेही त्याचेच. काम दाखवून पैसे उचलून निघून जाण्याची सोय त्या व्यवहारात नव्हती, कारण मोबदला कामाच्या आकारावर ठरत नव्हता, त्याच्या परिणामावर ठरत होता आणि तो परिणाम दरवर्षी नव्याने सिद्ध करावा लागत होता.

आज गोंदिया जिल्ह्यात असलेला, पण १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच असलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटलांच्या नावाने ओळखला जातो. तलाव बांधणाऱ्या या माणसाला लोकांनी देवपण दिले. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी नोंदींनी या एका जिल्ह्यात साडेतीन हजारांहून अधिक लहानमोठे तलाव मोजले होते. आजही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून माजी मालगुजारी तलावांची, म्हणजे पुढे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या, मालगुजारांच्या ताब्यात आलेल्या अशा तलावांची, संख्या साडेसहा हजारांच्या पुढे आहे.

यातला एखादा तलाव जवळून बघावा. जमिनीचा नैसर्गिक उतार हेरून तीन बाजूंना उंचवटा राहील अशी जागा निवडलेली असते आणि चौथ्या बाजूला मातीची लांबच लांब पाळ असते. पाळीच्या पोटाशी पाणी सोडण्यासाठी तुडूम. ही उतरत्या पायऱ्यांची मोरी. पायरीगणिक भोक आणि भोकाला लाकडी खुंटी. पाणी जसजसे उतरेल तसतशी खालची खुंटी काढायची, म्हणजे वरच्या थराचे पाणी हलकेच पाटात येते आणि पाळीवर ताण पडत नाही. एका कडेला जादा पाण्याची वाट सोडलेली. ती वाट खालच्या तलावाकडे किंवा बोडीकडे, म्हणजे लहान तळ्याकडे जाते, म्हणजे एकाचे उतू गेलेले पाणी दुसऱ्याचा साठा होतो. पावसाळ्याच्या शेवटी पावसाने ओढ दिली आणि धान निसवायला आले, की हेच पाणी पीक तारून नेते. तलावात ढिवरांची मासेमारी, काठावर गुरांचे पाणी, पाणी ओसरलेल्या गाळावर पेरा. एका बांधकामातून इतक्या जणांचे पोट चालावे, हा त्याच्या आराखड्याचाच भाग होता.

त्या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. मालगुजारीत वेठ होती, सारावसुलीची सक्ती होती. पाळीवर टोपल्या वाहणारे हात गोंड, ढिवर आणि दलित मजुरांचे होते, जमीन मात्र दुसऱ्यांच्या नावावर चढली. ती व्यवस्था जायलाच हवी होती. पण तिच्यात एक गोष्ट नेमकी होती. गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रिवाजांच्या नोंदवहीत, पाण्याचे आणि निस्ताराचे (रोजच्या वापराचे) हक्क नोंदलेले असत. पाणी कुणी सोडायचे, कुणाला आधी द्यायचे, पाळ कुणी दुरुस्त करायची, याला गावाचा ठरलेला रिवाज होता. बांधकामाबरोबर त्याची देखभालही ठरलेली होती आणि देखभाल करणारा माणूस त्याच गावात राहत होता.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. अन्याय्य मालकी गेली हे योग्यच झाले, पण तिच्याबरोबर जबाबदारीची साखळीही तुटली आणि तिच्या जागी नवी साखळी घडवायचे राहून गेले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पाळ खचली तर गावाने अर्ज करायचा, अंदाजपत्रकाची वाट बघायची. तलावात गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, पाणलोटात अतिक्रमण झाले, पाट बुजले. ज्याचे नुकसान होते त्याच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याचे काही नुकसान होत नाही, अशी ही नवी रचना होती. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या आपल्या बहुतेक बांधकामांची कहाणी या एका रचनेतून उलगडते.

तिचे सर्वांत मोठे उदाहरण पवनी तालुक्यातच उभे आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो वाढत वाढत हजारो कोटींवर गेला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे स्वप्न होते. तेवढे पाणी शेतापर्यंत पोहोचायला तीन दशकेही पुरली नाहीत. डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचे काम निकृष्ट ठरले आणि ते पुन्हा करण्याची वेळ आली. महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने निविदांच्या संदर्भात गुन्हे दाखल केले. दरम्यान गावेच्या गावे उठली, आणि पुनर्वसनासाठी सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज जाहीर व्हायला २०१३ उजाडले. पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी.

कोहळी पाटलाच्या तलावाशी याची तुलना करताना आकाराचा फरक विसरून चालणार नाही, हे मान्य. पण व्यवहाराचा फरक आकारामुळे पडलेला नाही. तिथे मोबदला भिजलेल्या जमिनीवर होता. इथे तो खोदलेल्या घनमीटरवर आणि ओतलेल्या काँक्रीटवर होता. कालव्यातून पाणी वाहिले की नाही, याच्याशी ठेकेदाराच्या देयकाचा संबंध नव्हता. त्यात भर अशी, की नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात उतरते आणि धरणाचा फुगवटा मागे भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचतो. वरच्या शहराने घरे बांधली, मैलापाण्याची पुरती सोय केली नाही, आणि त्याची किंमत नदीखालच्या शहराने भरली.

नागपूर भंडाऱ्याला सांडपाणी देते आणि भंडाऱ्याकडून वाळू घेते. वैनगंगेची वाळू विदर्भातल्या बांधकामात नावाजलेली. मोहाडी, तुमसर, पवनी या तालुक्यांतल्या घाटांवरून निघालेले टिप्पर नागपूरकडे धावतात. वाळू ही नदीतली फुकटची माती नाही. नदीपात्रातला वाळूचा थर पावसाळ्याचे पाणी शोषून धरतो आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना व नळयोजनांना हळूहळू देतो. पाणी गाळून स्वच्छ करतो तोही हाच थर. त्याच वाळूत ढिवर कुटुंबे उन्हाळ्यात डांगरवाड्या, म्हणजे कलिंगड-खरबुजांचे मळे, लावत आली. पोकलेनने हा थर खरवडून खालची चिकण माती उघडी पडली, की पाणी थांबत नाही, काठ ढासळतो, विहिरी खोल जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जग दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरते. पाण्याखालोखाल माणूस सर्वाधिक ओरबाडतो ते हेच. त्या महाकाय आकड्यातला एक हिस्सा वैनगंगेच्या पात्रातून जातो.

नियम कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. २०१६ पासून जिल्हा सर्वेक्षण अहवालाशिवाय घाट देता येत नाही. राज्याने २०२३ मध्ये लिलाव थांबवून ६०० रुपये ब्रासने डेपोतून वाळू द्यायचे धोरण आणले, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळून घरकुलांना ५ ब्रासपर्यंत मोफत वाळू आणि सरकारी कामांत कृत्रिम वाळू असा मार्ग धरला. धोरणे बदलत राहिली, रात्रीचे टिप्पर थांबले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये पवनी भागात कारवाईला गेलेल्या उपविभागीय अधिकाऱ्यावरच हल्ला झाला, इतकी त्या धंद्याची हिंमत वाढली.

ही हिंमत कुठून येते? ती खरेदीदाराकडून येते. चोरीची वाळू कुणीतरी विकत घेतो म्हणूनच ती काढली जाते, आणि हा कुणीतरी अंधारातला माणूस नाही. तो बिल्डर आहे, रस्त्याचा ठेकेदार आहे, सरकारी इमारतीचा कंत्राटदार आहे. सरकारी कामाची रीत तर ठरून गेलेली आहे. वाळू-मुरुमाची रॉयल्टीची पावती जोडलेली नसेल, तर तेवढी रक्कम देयकातून कापून घ्यायची आणि फाइल पुढे सरकवायची. वाळू आली कुठून, हे विचारायचे नाही. अशाने महसूल वसूल होतो, नदीचे मात्र काहीच वसूल होत नाही. सर्व राग चालकावर आणि घाटावरच्या मजुरावर काढून वरच्या मजल्यावरच्या खरेदीदाराला सोडून देणे, हे अन्यायाचेही आहे आणि निरुपयोगीही.

घरांच्या लेआउटची गोष्ट याहून शांतपणे घडते, म्हणून ती नजरेत येत नाही. धानाची बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, असलेले उथळ भांडे. पावसाचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, तिथून नाल्यात, नाल्यातून तलावात जाते. या साखळीतली एक बांधी विकत घेऊन तिच्यात चार फूट मुरूम टाकला, नाल्यावर एक पाइप घालून रस्ता केला, की कागदावर सगळे नियमात असते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी शेजारच्या धानात तुंबते आणि खालचा तलाव कोरडा राहतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि भंडारा शहराच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय, हे अनेक कुटुंबांना त्या रात्री कळले. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. प्लॉट विकताना हे सांगणे विकणाऱ्याचे काम होते.

आणि बांधकामात जबाबदारी वगळली की काय होते, याचा सर्वांत दुखरा पुरावा या जिल्ह्यानेच सोसला आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बालके गेली. इमारत होती, खाटा होत्या, यंत्रे होती. आग विझवण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती. इमारत उभी करणे आणि ती सुरक्षितपणे चालती ठेवणे ही दोन वेगळी कामे मानली गेली आणि दुसऱ्या कामाला धनी उरला नाही. त्या दहा घरांपुढे कुठलाही अहवाल अपुराच पडतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. पाच कोटींचा नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, यांपैकी एक ओलांडणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. त्यातही आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायचे. कायदा चांगला आहे. पण त्याच्या नियमांत एक स्पष्ट अट आहे: कंपनीच्या नेहमीच्या धंद्यात मोडणारे काम यात धरता येत नाही. म्हणजे बिल्डरने आपल्या लेआउटमध्ये लावलेली झाडे, बांधलेली गटारे, राखलेला नाला हे सामाजिक दायित्व ठरत नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे, असे कायदाच बजावतो. शिवाय या जिल्ह्यातले बहुतेक प्लॉट पाडणारे या आकड्यांच्या जवळपासही जात नाहीत. २० हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण परवानगीही लागत नाही. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याने २०१७ पासून बिल्डरला पाच वर्षे संरचनेतल्या दोषांसाठी बांधून घातले, तेही फक्त ग्राहकापुरते. ज्याच्या बांधीत पाणी तुंबले त्या शेजाऱ्यापुढे, ज्याची विहीर आटली त्या नदीकाठच्या गावापुढे, पाच दिवसांचेही उत्तरदायित्व नाही. मोठे कायद्यात आहेत, लहान सुटलेले आहेत, आणि भंडाऱ्याचे नुकसान लहानांच्या बेरजेने होते आहे.

मग करायचे काय? रस्ता आहे आणि तो आपल्याच राज्यात चालून दाखवला गेला आहे. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाला लागणारी माती आणि मुरूम जवळच्या तलावांतून व नाल्यांतून काढले गेले. रस्त्याला भराव मिळाला, गावाला खोल झालेला साठा मिळाला. भंडाऱ्यात येणाऱ्या नव्या रस्त्यांसाठी हे करता येईल, मात्र इथे हात आखडता हवा. मालगुजारी तलावाच्या तळाची चिकण माती पापुद्र्यासारखी जपावी लागते. गाळ काढायचा आणि मुरुमासाठी तळ फोडायचा नाही, ही मर्यादा ठेकेदाराने नाही, गावाने आखायची. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने ढिवर समाजाबरोबर तलावातल्या वनस्पती आणि मासे परत आणण्याचे जे काम वर्षानुवर्षे केले आहे, त्यातून हे ज्ञान उपलब्ध आहे. तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलादाचा कारखाना आहे, गडेगावला वाहनांचा. या उद्योगांच्या दोन टक्क्यांना परिसरातले तलाव हे सर्वांत रास्त ठिकाण आहे. शेजारच्या मौद्यात औष्णिक वीज केंद्राची राख आहे. तिच्या विटा वापरल्या तर शेतातली माती भट्टीत जाणार नाही.

बांधणाऱ्या मजुराचाही विचार याच हिशेबात आला पाहिजे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर ठेवला, तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी. हा पैसा कामगारांना भांड्यांचे संच वाटण्याच्या रांगेत अडकू नये. अपघात, आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांसाठी तो वेळेवर पोहोचावा. पाळीवर टोपल्या वाहणाऱ्यांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत. तीच चूक पुन्हा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काही गोष्टी तर नवा कायदा न करताही होण्यासारख्या आहेत. प्रत्येक सरकारी कामाच्या फलकावर ठेकेदाराचे नाव आणि रक्कम असते, तिथेच वाळू कोणत्या घाटाची हेही लिहावे. पावती नसेल तर देयक थांबवावे, रॉयल्टी कापून मोकळे होऊ नये. लेआउटला परवानगी देताना गावनकाशातले नाले, पाट आणि तलावाचे पाणलोट आधी बघावे. कामाचा काही हिस्सा ठेकेदाराच्या हाती तेव्हाच पडावा, जेव्हा दोन पावसाळे कालवा वाहिला, रस्ता टिकला आणि शेजारच्या शेतात पाणी तुंबले नाही. गोंड राजांनी घातलेली अट यापेक्षा निराळी नव्हती. ग्रामसभांनी घाटाचा ठराव मंजूर करण्यापूर्वी आपल्या विहिरींची पातळी मोजून ठेवावी आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा मोजावी.

आणि घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक विनंती. आयुष्याची पुंजी आपण त्या चार भिंतींत घालतो. प्लॉट घेताना पूररेषा कुठे आहे ते विचारा, नाला कुठे गेला ते विचारा, आणि दारात वाळूची गाडी आली की वाहतुकीचा पास बघितल्याशिवाय ती खाली करू देऊ नका.